ड्रेस्डेनचा हिरवा हिरा: रंग खरा कशावरून?

१९८८ मध्ये, जर्मनीचे दोन तुकडे अजून वेगळे होते तेव्हा, पूर्वेकडच्या ड्रेस्डेन शहरातल्या राजकोषातला एक हिरा आधुनिक उपकरणांखाली आला. वजन ४०.७० कॅरेट. लांबी २९.७५ मिलिमीटर, रुंदी १९.८८, खोली १०.२९. आकार लांबट थेंबाचा. रंग हिरवा, आणि तो कडेला किंवा टोकाला साचलेला नव्हे, हिऱ्याच्या अंगात भिनलेला. जीआयए या अमेरिकी रत्नसंस्थेचे रॉबर्ट केन आणि शेन मॅक्‌ल्यूर यांनी तो पाहिला, स्वित्झर्लंडचे जॉर्ज बॉसहार्ट यांनीही त्याचा अभ्यास केला. केन आणि मॅक्‌ल्यूर यांनी संग्रहालयाचे संचालक योआखिम मेन्झहाउझेन यांच्यासह लिहिलेला सविस्तर लेख १९९० मध्ये जीआयएच्या नियतकालिकात आला.

शास्त्रज्ञांना एवढ्या लांब यावेसे का वाटले, हे समजले की हिरव्या हिऱ्यांचे सगळे गूढ हाती लागते. ते त्या हिऱ्याचा रंग खरा आहे का, हे ठरवायला गेले नव्हते. तो खरा आहे हे आधीच ठाऊक होते. जगात असा हिरवा हिरा मिळणे कठीण, की ज्याच्या रंगाबद्दल शंकेला जागाच नाही. बाकीच्या हिरव्या हिऱ्यांना मापायला एक पक्के माप हवे होते, आणि ते ड्रेस्डेनच्या तिजोरीत पडून होते.

हे प्रकरण मला फार मोलाचे वाटते ते यासाठीच. रत्नशास्त्रात एरवी यंत्राचा शब्द शेवटचा मानतात. इथे यंत्राला जे सांगता येत नव्हते, ते अठराव्या शतकातल्या कागदांनी सांगितले.

हिरवेपणा येतो कुठून

पाचू हिरवा असतो तो त्यातल्या क्रोमियममुळे किंवा व्हॅनेडियममुळे. पेरिडॉट हिरवा असतो लोहामुळे. म्हणजे या रत्नांत रंग देणारे काहीतरी मिसळलेले असते. ड्रेस्डेनसारख्या हिऱ्यात मात्र रंग येतो तो काहीतरी नाहीसे झाल्यामुळे. हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अतिशय घट्ट रचना. जवळच्या खडकातल्या युरेनियम-थोरियमसारख्या किरणोत्सारी द्रव्यांतून निघालेले किरण या रचनेवर आदळतात आणि एखादा अणू त्याच्या जागेवरून उडवून लावतात. मागे राहते एक रिकामी जागा. अशा असंख्य रिकाम्या जागा तांबड्या-नारिंगी बाजूचा प्रकाश गिळतात, आणि आपल्या डोळ्यांपर्यंत उरलेला निळसर-हिरवा प्रकाश पोचतो. वर्णपटावर ७४१ नॅनोमीटरपाशी एक बारीक रेघ उमटते. रत्नशास्त्रज्ञ तिला जीआर१ म्हणतात. हिऱ्यात नायट्रोजनमुळे थोडी पिवळी झाक असेल तर निळसरपणा कमी होऊन रंग आणखी शुद्ध हिरव्याकडे झुकतो.

एवढ्यावरून वाटेल की मग हिरवे हिरे ढिगाने सापडत असतील, कारण पृथ्वीच्या पोटात किरणोत्सारी द्रव्ये काही कमी नाहीत. खाणीतून हिरवट कातडीचे खडे निघतात, ही गोष्ट खरी. अडचण पुढे आहे. निसर्गात सर्वाधिक नुकसान करणारे अल्फा कण हिऱ्यात फार खोल जात नाहीत. काही दशांश सोडा, मिलिमीटरच्या काही शतांशांतच त्यांचा जोर संपतो, केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतरात. म्हणून कच्च्या हिऱ्यावर हिरवे ठिपके किंवा हिरवी साय दिसते आणि आत हिरा पांढराच असतो. पैलू पाडायला घेतला की चाकावर पहिल्या काही तासांत ती साय उडून जाते. हिरवा म्हणून घेतलेला खडा हातात पांढरा किंवा पिवळसर होऊन येतो.

अंगभर रंग यायचा तर बीटा आणि त्याहून अधिक गॅमा किरण लागतात. ते खोल शिरतात, पण निसर्गात त्यांची मात्रा तुटपुंजी असते, म्हणून हिरा अशा जागी अतिशय दीर्घकाळ पडून राहावा लागतो. आणि तिथे उष्णता कमी असावी लागते. सुमारे ६०० अंश सेल्सिअसच्या पुढे त्या रिकाम्या जागा हलायला लागतात आणि हिरवा रंग बिघडतो. हिरव्या ठिपक्यांचे तपकिरी ठिपके होतात. हिरे जिथे घडतात त्या खोल प्रावरणात तर हजार अंशांच्या आसपासचे तापमान असते. तिथे हिरवेपणा टिकणे शक्यच नाही. म्हणजे ज्वालामुखीच्या नळीतून वर आल्यावर, पृष्ठभागाजवळच्या थंड खडकात किंवा वाळूच्या थरात, हिरा हिरवा होतो. हिऱ्याचे वय अब्जावधी वर्षांचे, रंगाचे वय त्या मानाने कोवळे. मला ही कल्पना फार आवडते: जन्मतः पांढरा असलेला हिरा, म्हातारपणी हिरवळलेला.

हिरवे हिरे सगळे याच वाटेने येतात असे नाही. काहींत नायट्रोजनशी निगडित दोषामुळे इतकी तीव्र हिरवी प्रतिदीप्ती, म्हणजे प्रकाश पडताच आतून उजळण्याचा गुण, असते की उजेडात हिरा हिरवा भासतो. काहींत हायड्रोजन किंवा निकेल कारणीभूत असते आणि रंग बहुधा राखाडी किंवा ऑलिव्हकडे जातो. शॅमेलिऑन म्हणजे सरडा-हिरे यांचेच भाऊबंद. काही काळ अंधारात ठेवले किंवा थोडे तापवले की ते हिरवट-राखाडीचे पिवळे होतात आणि पुन्हा पहिल्या रंगावर येतात. पण गवताच्या कोवळ्या पात्यासारखा जो निखळ हिरवा, त्याची वाट बहुतेक वेळा किरणांचीच.

ड्रेस्डेनचा हिरा टाइप टू-ए गटातला आहे, म्हणजे त्यात नायट्रोजन जवळजवळ नाही. कोहिनूर आणि कलिनन याच गटातले. रत्न-दर्जाच्या हिऱ्यांत हा गट शेकडा एक-दोनच्या घरातला. त्याची स्वच्छता व्हीएस१ ठरली, म्हणजे दोष आहेत पण फार बारीक, आणि थोडी फेरघासणी केली तर तो आतून निर्दोष ठरू शकेल असे तपासणाऱ्यांचे मत पडले. मोठा आकार, टाइप टू-ए, एवढी स्वच्छता, वर अंगभर हिरवेपणा. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटीच विरळ आहे.

क्रुक्सने केलेली पंचाईत

किरणोत्सार बेकरेल यांना १८९६ मध्ये सापडला, रेडियम क्युरी दांपत्याला १८९८ मध्ये. १९०४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ सर विल्यम क्रुक्स यांनी रेडियमच्या क्षारात हिरे पुरून ठेवले आणि ते हिरवे झाले. विज्ञान म्हणून प्रयोग सुंदर होता. त्या हिऱ्यांचा एक दोष असा की ते स्वतःच किरणोत्सारी झाले, आणि रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचे असल्याने असे दागिने आजही किरणोत्सार मोजणाऱ्या गायगर काउंटरला बोलते करतात. पुढे कणांना प्रचंड वेग देणारा सायक्लोट्रॉन आला, अणुभट्टी आली, इलेक्ट्रॉनांचा मारा करणारी यंत्रे आली. विसाव्या शतकाच्या मध्यापासून हिऱ्यांना हिरवे करणे हा रीतसर धंदा झाला.

यात घात कुठे आहे ते पाहा. माणिक तापवले तर आतल्या रेशमी तंतूंवर खुणा राहतात. पाचूत तेल भरले तर भिंगाखाली कळते. हिऱ्यावर किरणांचा मारा प्रयोगशाळेत झाला काय किंवा लाखो वर्षे खडकात झाला काय, शेवटी उरते ते तेच: जागेवरून उडालेला कार्बनचा अणू. तीच रिकामी जागा, तीच ७४१ नॅनोमीटरची रेघ. सायक्लोट्रॉनमधल्या जुन्या कामांत रंग पैलूंच्या रेषेत साचायचा, वरून पाहिले तर हिऱ्याच्या तळटोकाभोवती उघडलेल्या छत्रीसारखी आकृती दिसायची. ती दिसली तर निकाल सोपा. पण अणुभट्टीतून किंवा गॅमा किरणांतून आलेला रंग अंगभर सारखा असतो, आणि नेमका तसाच रंग निसर्गातल्या उत्तमोत्तम हिरव्या हिऱ्याचाही असतो. जितका हिरा सुंदर, तितका संशय गडद!

म्हणून हिरव्या हिऱ्यांच्या प्रमाणपत्रावर कधी कधी एक विचित्र शब्द वाचायला मिळतो: रंगाचे मूळ ‘अनिर्धारित’. प्रयोगशाळा सांगते की हा हिरा आहे, नैसर्गिक आहे, रंग हिरवा आहे, पण तो रंग कोणी दिला हे आम्ही सांगू शकत नाही. मला यात प्रयोगशाळेचा कमकुवतपणा दिसत नाही. माहीत नसताना होकार देण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. मात्र मालकासाठी हा एक शब्द म्हणजे किमतीचा मोठा हिस्सा बुडणे.

कागदांची साक्ष

आता ड्रेस्डेनच्या हिऱ्याची कागदपत्रे उलगडू.

ऑक्टोबर १७२२ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्रात बातमी आली की मार्कस मोझेस नावाच्या व्यापाऱ्याने भारतातून आणलेला एक हिरवा हिरा राजा पहिला जॉर्ज याला दाखवला. किंमत दहा हजार पौंड सांगितली होती. तो हाच हिरा असावा असे मानतात. १७२६ मधल्या एका पत्रातून कळते की लंडनच्या व्यापाऱ्याने हिरवा हिरा सॅक्सनीचा, म्हणजे ड्रेस्डेन राजधानी असलेल्या जर्मन राज्याचा, शासक ऑगस्टस द स्ट्राँग याला देऊ केला होता, या खेपेला तीस हजार पौंडांना. त्याने तो घेतला नाही. विकत घेतला त्याच्या मुलाने, सॅक्सनीचा इलेक्टर (तिथल्या शासकाची पदवी) आणि पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याने, १७४१ च्या सुमारास, लाइपझिगच्या जत्रेत डेलेस नावाच्या डच व्यापाऱ्याकडून.

या खरेदीवर एका शेजाऱ्याने केलेली नोंद मोठी बोलकी आहे. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक आपल्या काळाच्या इतिहासात लिहितो की १७४२ मध्ये ब्र्नोच्या वेढ्यासाठी त्याने सॅक्सनीकडे जड तोफा मागितल्या, तेव्हा पैशांची टंचाई सांगण्यात आली. आणि त्याच राजाने नुकतेच एका मोठ्या हिरव्या हिऱ्यावर चार लाख थालर, म्हणजे तिकडची चांदीची नाणी, खर्च केले होते. फ्रेडरिकची चीड त्यात आहे, आकडा फुगवलेलाही असेल. पण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने ही ओळ सोन्याची आहे. विकत घेणाऱ्याचा मित्र नसलेला माणूस, स्वतःच्या रागापोटी, नोंदवून ठेवतो की हिरा मोठा होता आणि हिरवा होता.

मूळ खाण कोणती, हे या कागदांत येत नाही. तरी ब्राझीलचे हिरे १७२०च्या दशकात नुकते कुठे जगासमोर येत होते आणि १७२२ ची बातमी भारताचे नाव घेते, म्हणून तो कृष्णाकाठच्या कोल्लूर परिसरातला, गोवळकोंड्याच्या नावाने जग ज्यांना ओळखते त्या खाणींतला असावा, हे अनुमान बळकट आहे. महाबळेश्वरला उगम पावलेल्या नदीचे पाणी ज्या वाळूवरून वाहते, तिथेच कुठेतरी या हिऱ्याने आपला रंग कमावला असेल, या विचाराने मला भरून येते.

मग दागिने. १७४२ मध्ये दरबारी जवाहिर योहान फ्रीडरिख डिंगलिंगर याने तो गोल्डन फ्लीस या मानचिन्हात जडवला. १७४६ मध्ये ते मोडून झ्याँ-झाक पालार याने अधिक थाटाचे दुसरे केले. १७६८ मध्ये प्राग शहराच्या डिसबाख याने त्यातला हिरवा हिरा घेऊन टोपीवर लावायचे शिरपेचासारखे भूषण घडवले. वरच्या बाजूला दोन मोठे पांढरे हिरे, भोवती लहान हिऱ्यांची गर्दी, आणि मध्यभागी हा एकच रंग. आजही हिरा त्याच भूषणात आहे. जडावकामाची नजर किती पक्की असावी याचा हा नमुना आहे. पांढऱ्या हिऱ्यांच्या लखलखाटाशेजारी हिरवा आपोआप गडद वाटतो, आणि शेजारी दुसरा कोणताही रंग नसल्याने डोळा तिथेच खिळतो.

ज्या संग्रहात तो ठेवला आहे त्याचे नाव ‘ग्रीन व्हॉल्ट’, म्हणजे हिरवे दालन. अनेकांना वाटते की नाव हिऱ्यावरून पडले. तसे नाही, ते दालनातल्या खांबांच्या हिरव्या रंगकामावरून आले आहे, हिरा येण्याच्या आधीपासून.

साखळीतली कच्ची कडी

चिकित्सक वाचक इथे अडवेल, आणि त्याने अडवावेच. १७४१ पासूनच्या नोंदी आहेत, मान्य. क्रुक्सच्या प्रयोगाच्या कितीतरी आधीच्या आहेत, तेही मान्य. पण दुसऱ्या महायुद्धात हा संग्रह क्योनिगश्टाइनच्या किल्ल्यात हलवला होता. १९४५ मध्ये सोव्हिएत सैन्याबरोबर तो मॉस्कोला गेला आणि १९५८ मध्ये ड्रेस्डेनला परतला. ही तेरा वर्षे अणुभट्ट्यांच्या युगातली आहेत. मधल्या काळात काही झाले नसेल कशावरून?

उत्तर त्याच जुन्या नोंदींत आहे. कोणी हिरा कृत्रिमरीत्या हिरवा करतो तो रंग नसतो म्हणून. हा हिरा १७२२ किंवा निदान १७४१ पासून हिरवा म्हणूनच ओळखला जात होता, त्याला हिरवे करण्याचे कोणालाच कारण नव्हते. आणि बदलून दुसरा ठेवायचा तर चाळीस कॅरेटचा, त्याच मापाचा, त्याच जुन्या घाटाचा, टाइप टू-ए गटातला आणखी एक हिरा हवा, जो १७६८ च्या कोंदणात तंतोतंत बसेल. तेवढे ज्याच्याकडे आहे त्याला चोरीची गरज काय? माझ्या मते शंका इथे संपते.

उलट बाजूने विचार केला की या प्रकरणाचे खरे वजन कळते. समजा हाच हिरा, हीच स्वच्छता, हाच रंग, पण कोंदणाविना, कागदाविना, एखाद्या जुन्या पेटीत सापडला आणि प्रयोगशाळेत आला. उपकरणे जीआर१ दाखवतील. छत्रीची आकृती दिसणार नाही, रेडियमचा मागमूस लागणार नाही. एवढे सगळे अनुकूल असूनही तपासनीस थांबेल, कारण अणुभट्टीतून आलेला सफाईदार हिराही असाच दिसू शकतो. म्हणजे जगातला सर्वांत नामांकित हिरवा हिरा ‘अनिर्धारित’ ठरण्याचा धोका खराच होता. १९८८ च्या अभ्यासाने ही वाट उलट बाजूने चालून दाखवली: इतिहासाने रंग नैसर्गिक ठरवला, मग त्या नैसर्गिक रंगाचा वर्णपट नोंदवला, आणि तो वर्णपट पुढच्या हिऱ्यांशी ताडून पाहायला हाती आला. आज निम्न तापमानावरचे प्रकाशदीप्ती-मापन (लेसरसारखा प्रकाश टाकून हिऱ्यातून परत निघणारा उजेड मोजणे) आणि मोठे तौलनिक संग्रह यांमुळे निर्णय पूर्वीपेक्षा अधिक वेळा देता येतो. तरी हिरवा हा रंग तपासनिसांना अजूनही सर्वांत जास्त घाम फोडतो.

ज्यांच्यामागे राजघराणे नाही

प्रत्येक हिऱ्यामागे वृत्तपत्र, राजा आणि चिडलेला शेजारी कसा असणार? अशा हिऱ्यांचा पुरावा त्यांच्याच अंगावर शोधावा लागतो. कसलेले कारागीर हिरव्या कच्च्या हिऱ्याला पैलू पाडताना कडेला, गर्डलवर, मूळ कातडीचा एखादा तुकडा मुद्दाम न घासता ठेवतात. त्यावर हिरवे किंवा तपकिरी किरण-ठिपके असतील तर ते तपासनिसाला मोठा आधार देतात. शिवाय कच्चा हिरा कापायच्या आधीच प्रयोगशाळेला दाखवून नोंद करून घेणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग. एकदा कापला की कातडी गेली आणि बरीचशी साक्षही गेली.

कापणाऱ्याची कसोटी इथेच लागते. पांढऱ्या हिऱ्यात तो तेजासाठी कापतो. हिरव्यात त्याला रंग कुठे किती खोल आहे याचा अंदाज घेत, प्रत्येक पैलूनंतर थांबून पाहत जावे लागते. रंग वरच्या थरातच असेल तर तो थर हिऱ्याच्या तळाशी किंवा कडेला राखून त्याचे प्रतिबिंब सगळीकडे खेळवता येते. चाकाची उष्णताही सांभाळावी लागते. तीच काळजी पुढे सोनाराला: कोंदणाची डागडुजी करताना ज्योत हिऱ्याजवळ जाऊ देऊ नये. पांढऱ्या हिऱ्याला जी उष्णता सोसते ती या रंगाला सोसेलच असे नाही, आणि गेलेला हिरवा परत येत नाही.

बाजारातले आकडे थोडक्यात. ५.०३ कॅरेटचा फॅन्सी व्हिव्हिड ग्रीन, म्हणजे अतिशय तीव्र हिरव्या प्रतीचा, ‘ऑरोरा ग्रीन’ ३१ मे २०१६ रोजी हाँगकाँगमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात सुमारे १ कोटी ६८ लाख डॉलरला गेला, कॅरेटमागे तेहतीस लाखांच्या घरात. ५.५१ कॅरेटचा निळसर-हिरवा ‘ओशन ड्रीम’ २०१४ मध्ये जिनिव्हात सुमारे ८६ लाख डॉलरला विकला गेला. ड्रेस्डेनचा हिरा याच्या सात-आठ पट मोठा आहे. तो विकाऊ नाही, म्हणून गुणाकार करत बसण्यात अर्थ नाही.

मला आकड्यांपेक्षा डोळ्यांचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. हिरवे रत्न हवे तर पाचू आहेच, मग हिरव्या हिऱ्याचे वेड का? पाचूचा हिरवा रंग दाट, मखमली, आत धुक्यासारखे तंतू घेऊन येणारा. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश वाकवण्याचे माप, २.४२, पाचूचा १.५८ च्या आसपास. प्रकाश फोडून रंगांचे स्फुल्लिंग उडवण्याची ताकद हिऱ्यात पाचूच्या तिप्पट. त्यामुळे हिरव्या हिऱ्यात रंग स्थिर बसत नाही. हिरा जरा हलला की तो एका पैलूतून निसटून दुसऱ्यात उमटतो, मधेच पांढरी चमक येते आणि पुन्हा हिरवा. पाणी चढलेल्या विहिरीत उन्हाची तिरीप पडावी तसा.

२५ नोव्हेंबर २०१९ च्या पहाटे ग्रीन व्हॉल्टच्या ऐतिहासिक दालनांत चोर घुसले आणि हिऱ्यांची अनेक भूषणे घेऊन गेले. त्यांतली बरीचशी २०२२ च्या अखेरीस परत मिळाली. हिरवा हिरा त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात होता. तिथले प्रदर्शन लोकांसाठी खुले झाले ते नेमके त्याच दिवशी. त्याच्या नोंदींत आता ही एक तारीख आणखी जमा झाली आहे.